घटस्फोट आई-वडिलांचा, विस्कळीत दिनक्रम मुलांचा : 'ताब्या'च्या पलीकडे पाहण्याची गरज

मुंबई : शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या सुमारास कुटुंब न्यायालयांत एका विशिष्ट प्रकारचे अर्ज दाखल होऊ लागतात. विभक्त राहणाऱ्या आई-वडिलांच्या मुलाने सुट्टीतील किती दिवस कोणाकडे काढावेत, त्याला कोणत्या तारखेला न्यावे आणि कोणत्या तारखेला परत आणावे, एवढाच या अर्जांचा विषय असतो. दिवाळी आणि नाताळच्या आधीही हेच चित्र दिसते. मोठ्यांच्या दृष्टीने हा पंधरा-वीस दिवसांचा वाद असतो. मात्र नोटीस, उत्तर आणि सुनावणी यांत सुट्टीच सरून गेली, तर ते मूल त्या वर्षी आजोळी किंवा आजोबांच्या गावी जातच नाही. पुढच्या वर्षी ते एक वर्षाने मोठे झालेले असते.

भारतातील घटस्फोटाची चर्चा प्रामुख्याने पती-पत्नीचे हक्क, पोटगीची रक्कम आणि विवाहसंस्थेचे भवितव्य या मुद्द्यांभोवती फिरते. मुलांचा प्रश्न त्यात येतो, परंतु बहुधा 'ताबा कोणाला' या एका प्रश्नाच्या रूपाने येतो. जमीन, घर किंवा वाहन यांच्याबाबत वापरला जाणारा हा शब्द मुलांनाही लावला जातो आणि वादाचे स्वरूपही मग मालमत्तेच्या वादासारखेच होते. प्रत्यक्षात घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने पती-पत्नीचे नाते संपते, आई-वडिलांचे संपत नाही. मूल सज्ञान होईपर्यंतची काही वर्षे त्याची शाळा, आजारपण, सण, खर्च आणि भेटीगाठी यांची घडी कशी बसवायची, हा खरा प्रश्न आहे. कायदा मुलाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देतो. ते कल्याण वेळेत साध्य करून देणारी व्यवस्था मात्र अद्याप अपुरी आहे.

आकड्यांबाहेरची मुले

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १३ लाख ६० हजार व्यक्तींनी आपली वैवाहिक स्थिती 'घटस्फोटित' अशी नोंदवली होती. 'विभक्त' अशी नोंद असलेल्यांची संख्या याच्या अडीच पटींहून अधिक होती. विवाहितांच्या एकूण संख्येच्या तुलनेत ही दोन्ही प्रमाणे एक टक्क्यापेक्षा कमी भरतात. जगातील अत्यल्प घटस्फोटांचा देश अशी भारताची ओळख त्यावरूनच झाली आहे. पुढची जनगणना लांबल्यामुळे त्यानंतरच्या बदलांचे तितके सर्वंकष चित्र उपलब्ध नाही.

या आकड्यांतील महत्त्वाची बाब घटस्फोटित आणि विभक्त यांच्यातील तफावतीत आहे. भारतात मोडलेल्या संसारांपैकी अनेक संसार न्यायालयापर्यंत पोहोचतच नाहीत. पत्नी मुलांसह माहेरी येते, पती दुसरीकडे राहू लागतो, नातेवाईकांच्या बैठका होतात आणि वर्षे निघून जातात. महाराष्ट्रात १९८० च्या दशकापासून स्त्री संघटनांनी परित्यक्तांचा प्रश्न सातत्याने मांडला, तो याच वास्तवातून. अशा घरांतील मुलांसाठी भेटीचे वेळापत्रक नसते, खर्चाचा आदेश नसतो आणि वडिलांच्या सहीचा कागद हवा असल्यास तो कोठून आणायचा, याचे उत्तरही नसते. घटस्फोटितांच्या मुलांच्या निदान काही प्रश्नांवर न्यायालयाचा निर्णय होतो. केवळ विभक्त झालेल्यांच्या मुलांना तोही आधार मिळत नाही.

इजा कशाने होते?

आई-वडील वेगळे झाले की मुलाचे आयुष्य उद्ध्वस्त होते, ही समाजात खोलवर रुजलेली समजूत आहे. मुलांसाठी म्हणून कसेही करून संसार टिकवावा, हा सल्ला त्याच समजुतीतून दिला जातो. मानसशास्त्रीय संशोधनाने मांडलेले चित्र याहून वेगळे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १,४०० कुटुंबांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यानुसार घटस्फोटित कुटुंबांतील सुमारे २५ टक्के मुलांमध्ये गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी आढळल्या. न मोडलेल्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते.

या दोन आकड्यांचा अर्थ एकत्रितपणे लावावा लागतो. धोका वाढतो, हे खरे आहे. त्याच वेळी चारपैकी तीन मुले कालांतराने सावरतात, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकी समाजातील हे प्रमाण भारतावर जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि, कोणती मुले सावरतात आणि कोणती सावरत नाहीत, याविषयी विविध देशांतील अभ्यासकांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे. आई-वडिलांमधील तीव्र आणि न संपणारा संघर्ष, उत्पन्नात अचानक झालेली घट, शाळा आणि घर वारंवार बदलणे, तसेच ज्याच्याकडे मूल राहते त्या पालकाचे ढासळलेले मानसिक स्वास्थ्य, या बाबी मुलांना सर्वाधिक हानी पोहोचवतात. एका छताखाली चाललेले रोजचे भांडणही याच कारणाने घातक ठरते. त्यामुळे विभक्त व्हावे की नाही, या निर्णयाइतकाच तो निर्णय कसा अमलात आणला जातो, हा प्रश्न मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

कायद्याची चौकट

मुलांच्या पालकत्वाचा मूळ कायदा ब्रिटिश काळातील आहे. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू होतो. त्याच्या कलम १७ नुसार पालक नेमताना मुलाचे कल्याण विचारात घ्यावे लागते आणि मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची पसंतीही न्यायालय लक्षात घेऊ शकते. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे. त्याच्या कलम ६ मध्ये वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असा नैसर्गिक पालकांचा क्रम दिलेला असून पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे म्हटले आहे. कलम १३ मात्र मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष मानते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान मुलांच्या संगोपनाचा प्राधान्यक्रम आईला दिलेला आहे. तेथेही न्यायालये कल्याणाचा निकष लावतात.

लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर १९९९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने 'त्यांच्यानंतर' या शब्दाचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा न घेता, त्यांच्या अनुपस्थितीत असा घेतला. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात फेब्रुवारी २०१५ मध्ये याच न्यायालयाने पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आई अयोग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर असल्याचे स्पष्ट केले. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि वडील यांना समान दर्जाचे नैसर्गिक पालक मानावे तसेच संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात स्पष्टपणे करावी, अशी शिफारस केली. संसदेच्या स्थायी समितीनेही २०२२ मध्ये पालकत्वाच्या कायद्याचा आढावा घेताना आईला समान स्थान देण्याचा आग्रह धरला. तरीही १९५६ च्या अधिनियमातील तो क्रम आजही तसाच आहे.

दैनंदिन व्यवहारात काही बदल झाले आहेत. डिसेंबर २०१६ पासून मुलाच्या पारपत्रासाठी एकाच पालकाचे नाव देण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे आणि मग वडिलांचे नाव नोंदवण्याचा निर्णय लागू झाला. कागदोपत्री बदल छोटे वाटले तरी, शाळेच्या खिडकीवर प्रत्येक वेळी घरची कहाणी सांगावी लागण्याचा प्रसंग त्यातून काही प्रमाणात टळतो.

समान दिवस की स्थिर दिवस?

गेल्या दशकात वडिलांच्या सहभागाची मागणी अधिक ठळक झाली आहे. महिन्यातून दोनदा न्यायालयाच्या आवारातील खोलीत तासभर मिळणारी भेट ही पालकत्वाची थट्टा असल्याची अनेक वडिलांची तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मधील एका निकालात मुलाला आई आणि वडील या दोघांच्याही प्रेमाचा हक्क असल्याचे नमूद केले. पालक वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील, तर भेटीबरोबरच दररोज काही मिनिटांच्या व्हिडिओ संवादाची सोय असावी, असेही न्यायालयाने म्हटले. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतही दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानला आहे. मात्र संपर्क मुलाच्या हिताविरुद्ध असेल, तर त्यास अपवाद आहे.

परंतु दोघांचा सहभाग म्हणजे दिवसांची समसमान वाटणी, असा अर्थ घेतल्यास नवी अडचण उभी राहते. आठ वर्षांच्या एका मुलीने दर महिन्याचे १५ दिवस वडिलांकडे राहावे, अशी अंतरिम व्यवस्था केरळ उच्च न्यायालयाने केली होती. परदेशात नोकरी करणारे वडील त्या काळापुरते येऊन भाड्याच्या घरात राहत. त्या दिवसांत मुलीला घरचे जेवण मिळत नाही आणि धाकट्या भावाचा सहवासही तुटतो, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ती व्यवस्था रद्द केली. वडिलांना ठरावीक भेटी आणि व्हिडिओ संवादाची मुभा देण्यात आली. वडिलांचे मुलीवरील प्रेम किंवा त्यांची धडपड न्यायालयाने नाकारली नाही. मुलीचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, एवढेच तपासले.

ऑस्ट्रेलियाचा अनुभवही याच दिशेने बोलका आहे. तेथे २००६ मध्ये कायद्याने समान पालकीय जबाबदारीचे गृहीतक आणले गेले. लोकांनी त्याचा अर्थ समान वेळेचा हक्क असा घेतला आणि संघर्षग्रस्त कुटुंबांतही वाटणीचा आग्रह वाढला. अखेर २०२३ मध्ये कायदा बदलून ते गृहीतक काढून टाकण्यात आले. भारतात संयुक्त पालकत्वाचा कायदा करताना हा धडा उपयोगी पडेल. दोघांची जबाबदारी समान असणे आणि दोघांकडील दिवस समान असणे या भिन्न गोष्टी आहेत.

मुलाचे ऐकायचे कसे?

मुलाला विचारावे, हे सर्वमान्य तत्त्व आहे. कसे विचारावे, यावर मात्र बरेच काही अवलंबून असते. 'तुला कोणाकडे राहायचे आहे?' हा प्रश्न मुलाला एका पालकाचा विश्वासघात करायला लावतो. अनुभवी न्यायाधीश आणि समुपदेशक म्हणूनच शाळा, मित्र, झोप, जेवण आणि भीती यांविषयी बोलत मुलाची स्थिती जाणून घेतात.

दक्षिण भारतातील एका प्रकरणाने हा मुद्दा तीव्रतेने पुढे आणला. आईच्या पुनर्विवाहानंतर आणि परदेशी जाण्याच्या तिच्या बेतानंतर मुलाचा ताबा वडिलांना देण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कायम ठेवला होता. त्यानंतर मुलामध्ये तीव्र चिंतेची लक्षणे दिसत असल्याचे मानसोपचार क्षेत्रातील तज्ज्ञांचे अहवाल आले. जुलै २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निर्णय मागे घेऊन मुलाला आईकडे ठेवले आणि वडिलांच्या भेटींची सोय केली. ताब्याचे आदेश अंतिम नसतात, मुलाच्या गरजेनुसार ते बदलू शकतात, हे तत्त्व यातून पुन्हा अधोरेखित झाले. तज्ज्ञांचे मूल्यमापन सुरुवातीलाच झाले असते, तर मुलाला त्या वर्षातून जावे लागले असते का, हा प्रश्न मात्र उरतो.

एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याचा प्रकारही न्यायालयांसमोर वारंवार येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका मुलीच्या ताब्याचा निर्णय करताना या परिणामाची दखल घेतली होती. मे २०२४ मध्ये दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सावधगिरीचा इशारा दिला की, नेमके वर्तन न दाखवता कोणत्याही पालकावर असा शिक्का घाईने मारू नये. मूल भेटायला नकार देते तेव्हा त्यामागे शिकवणूक असू शकते, तसाच स्वतःचा अनुभवही असू शकतो. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी वेळ आणि प्रशिक्षित माणसे लागतात.

विलंबाची किंमत

व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष विलंब हा आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्ये २००१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दावा चालू असताना मुलांच्या निर्वाहासाठी व शिक्षणासाठी केलेला अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो. ताबा आणि भेट यांविषयीच्या अर्जासाठी मात्र त्या परंतुकात मुदत घातलेली नाही. परिणामी तात्पुरती म्हणून सुरू झालेली व्यवस्था वर्षानुवर्षे चालू राहते. मूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच रुळते आणि अंतिम निर्णयाच्या वेळी 'आता त्याला हलवणे हिताचे नाही' हे कारण आपोआप तयार होते. विलंब ज्याच्या सोयीचा, त्याच्या बाजूने निकाल जाण्याची शक्यता वाढते.

नोकरीनिमित्त आंतरराज्य स्थलांतर केलेल्या कुटुंबांत अडचण दुहेरी असते. पुण्यात विवाह, बंगळुरूत नोकरी आणि विभक्त झाल्यावर आईचे इंदूरला माहेरी परतणे, हा क्रम आता अपवादात्मक राहिलेला नाही. दोन राज्यांत दोन दावे उभे राहतात आणि ते एकत्र आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात वर्गीकरणाची याचिका करावी लागते. वैवाहिक वादांतील अशा सुमारे ३,००० याचिका प्रलंबित असल्याचे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले होते. प्रत्येक खंडपीठाने दररोज अशा १० याचिका घ्याव्यात, असा निर्णय तेव्हा झाला.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने वेगळ्या वातावरणाची कल्पना मांडली होती. समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले गेले. समुपदेशकांची नेमणूक आणि वैद्यकीय व समाजकल्याण तज्ज्ञांचे साहाय्य यांचीही तरतूद झाली. परंतु दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतच अशी न्यायालये स्थापणे राज्यांवर बंधनकारक आहे. इतरत्र तो निर्णय राज्य सरकारच्या विवेकावर सोडलेला आहे. जेथे कुटुंब न्यायालय नाही, तेथे मुलांचे अर्ज दिवाणी दाव्यांच्या गर्दीतच चालतात. तेथे पूर्णवेळ समुपदेशक किंवा मुलांसाठी वेगळी खोली मिळेलच, याची शाश्वती नसते.

घराच्या पातळीवर

न्यायालयाचा आदेश आठवड्यातील तास ठरवू शकतो, त्या तासांचा सूर ठरवू शकत नाही. तो आई-वडिलांच्या हाती असतो. विभक्त होण्याचा निर्णय शक्य असल्यास दोघांनी मिळून, मुलाच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावा, असे समुपदेशनाच्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. यात मुलाचा काहीही दोष नाही, दोघांचेही त्याच्यावर प्रेम आहे आणि त्याच्या दिनक्रमात नेमके काय बदलणार व काय तसेच राहणार, एवढे त्याला स्पष्ट कळले पाहिजे. 'बाबा कामासाठी गावाला गेले आहेत' यासारखी सोयीची उत्तरे काही महिने चालतात. खरे बाहेरून कळले की मुलाचा उरलेल्या पालकावरचा विश्वासही डळमळतो.

वयानुसार गरजा बदलतात. पाच वर्षांखालील मुलांना काळाचे भान कमी असते. त्यामुळे दीर्घ अंतराने होणाऱ्या मोठ्या भेटींपेक्षा कमी वेळाच्या पण वारंवार होणाऱ्या भेटी त्यांना मानवतात. सहा ते बारा वयोगटातील मुले अनेकदा स्वतःला दोष देतात आणि आई-बाबा पुन्हा एकत्र येतील, ही आशा मनात बाळगून राहतात. किशोरवयीन मुले संतापतात, एकाची बाजू घेतात किंवा घरातील मोठ्या माणसाची भूमिका अंगावर घेतात. आईला सावरणारा तेरा वर्षांचा मुलगा समंजस दिसतो, म्हणून त्याला आधाराची गरज नाही, असे मानणे चुकीचे ठरते.

काही पथ्ये साधी असली तरी कठीण असतात. मुलाकरवी निरोप किंवा पैशांची मागणी न पाठवणे, भेटीहून परतल्यावर त्याची उलटतपासणी न करणे, दुसऱ्या पालकाबद्दल त्याच्यासमोर अपशब्द न काढणे आणि ठरलेली वेळ पाळणे. खर्च आणि भेट यांची सांगड घालणे हाही नेहमीचा दोष आहे. पैसे आले नाहीत म्हणून भेट नाकारणे किंवा भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवणे, या दोन्हींत नुकसान मुलाचेच होते. निर्वाहखर्च हा मुलाचा स्वतंत्र हक्क आहे. तो ठरवताना दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेले आहेत.

भारतीय कुटुंबात आजी-आजोबा, मामा, काका, आत्या, मावशी यांचे स्थान मोठे आहे. विभक्तीच्या काळात हीच माणसे मुलाचा सर्वांत भक्कम आधार ठरू शकतात आणि वाद पेटता ठेवणारीही तीच असू शकतात. गणपतीला आजोबांच्या घरी आणि दिवाळीत आजोळी, असे सणांचे वेळापत्रक वर्षाच्या आरंभीच लेखी ठरवल्यास ऐनवेळचे वाद टळतात. शाळेलाही परिस्थितीची कल्पना देणे हिताचे असते. वर्गशिक्षकांना माहिती असेल, तर घसरलेले गुण किंवा अचानक आलेला अबोलपणा यांकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले जात नाही.

सुरक्षेचा अपवाद

दोन्ही पालकांशी संपर्काचा आग्रह सर्वत्र सारखा लावता येत नाही. जेथे मारहाण, लैंगिक अत्याचार, तीव्र व्यसनाधीनता किंवा धमक्या आहेत, तेथे 'मुलासाठी जुळवून घ्या' हा सल्ला धोकादायक असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा अर्जदार महिलेकडे देऊ शकतात आणि भेट मुलाला हानिकारक वाटल्यास ती नाकारूही शकतात. अशा प्रकरणांत मध्यस्थीची खोली समान पातळीची राहत नाही. तेथे सुरक्षा प्रथम आणि समुपदेशन नंतर, हा क्रम पाळावा लागतो. दुसरीकडे, भेट टाळण्यासाठी खोटे आरोप होण्याची शक्यताही नाकारता येत नाही. तपासणी लवकर आणि तज्ज्ञांकडून होणे, हाच दोन्ही धोक्यांवरील उपाय आहे.

पालकांनाही आधार हवा

खचलेला पालक मुलाला सावरू शकत नाही. एकाकीपणा, आर्थिक ओढाताण, नातेवाइकांचे टोमणे आणि न्यायालयाच्या तारखा यांचा भार बहुतेक स्त्री-पुरुष मुकाट्याने वाहतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि विधी साहाय्यासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. न्यायालयात न गेलेल्या विभक्त कुटुंबांनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग खुला आहे. या सोयींची माहिती गावपातळीवर पोहोचणे, हीच यातील मुख्य अडचण आहे.

पुढची दिशा

बदलांची यादी लांबलचक नाही. आई आणि वडील यांना समान नैसर्गिक पालक मानण्याची शिफारस दशकाहून अधिक काळ प्रतीक्षेत आहे. भेटीच्या आणि तात्पुरत्या ताब्याच्या अर्जांना निर्वाहखर्चाप्रमाणेच ६० दिवसांची मुदत घालता येईल. दाव्याच्या सुरुवातीलाच दोन्ही पालकांकडून शाळा, आरोग्य, खर्च, सण आणि सुट्ट्या यांचा समावेश असलेला लेखी पालकत्व आराखडा मागवता येईल आणि मूल मोठे होईल तसा ठरावीक अंतराने त्याचा फेरविचार करता येईल. लहान जिल्ह्यांत निदान काही दिवस तरी प्रशिक्षित बालसमुपदेशक उपलब्ध करून देणे, हे फार खर्चाचे काम नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ माफ करताना मुलांच्या ताब्याचा प्रश्न मिटला आहे का, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. त्या मिटवण्यात किती तपशील असावा, याची किमान यादी ठरवणे ही पुढची पायरी ठरेल.

यांतील काही गोष्टींसाठी कायद्याचीही वाट पाहण्याची गरज नाही. विभक्त राहणाऱ्या आई-वडिलांनी शाळेचे वार्षिक वेळापत्रक हाती येताच वर्षभराच्या सुट्ट्या, सण आणि वाढदिवस यांची वाटणी लिहून ठेवली आणि तिची एक प्रत मुलालाही दिली, तर पुढच्या उन्हाळ्यात कोठे जायचे आहे, हे त्याला आधीच ठाऊक असेल. त्यासाठी न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून राहण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.